कुचारा

खणात सहा काटे, चार सुऱ्या आणि एकाच संचातले तीन चमचे होते. संचाबाहेरचा चौथा चमचा म्हणजे मी.

मित्रांनो, मी जुना आहे. पोलादी पत्र्यातून एका ठोक्यात कापला गेलो, दुसऱ्या ठोक्यात खोलगट झालो. या घरातले बाबा शिकत असताना एकटेच राहायचे. तेव्हा चहा ढवळण्यापासून सूप पिण्यापर्यंत सगळी भिस्त माझ्यावर. "हा आहे म्हणून मी जेवतोय," असं ते मित्रांना सांगत. मग लग्न झालं, चकचकीत संच आला आणि मी डब्यांची घट्ट झाकणं उचकटू लागलो. त्यात माझी मान वाकली. खण ओढला की मी घरंगळत पुढे यायचो. हात मला बाजूला सारून दुसऱ्याला उचलायचा.

मग घरात चार वर्षांची मुलगी आली. आई-बाबांनी तिला दूरच्या देशातल्या अनाथालयातून दत्तक आणलं होतं. तिला फक्त स्पॅनिश येत होतं आणि ती जेवत नव्हती. वजन बारा किलो आठशे ग्रॅमवर घसरलं. "पुढच्या सोमवारपर्यंत वाढलं नाही, तर दवाखान्यात ठेवावं लागेल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

जेवायला बसवलं की ती एकच शब्द म्हणे, "कुचारा."

बाबांनी शब्दकोश उघडला. कुचारा म्हणजे चमचा. लगेच बदकाचं चित्र असलेला नवा चमचा आला. तिने तो भिरकावला.

"अगं, हाच तर कुचारा!" आई रडकुंडीला आली.

"रंग आवडला नसेल," मदतीला येऊन राहिलेली आत्या म्हणाली.

"ताई, तू आधी माकडाचं तोंड कर, मग रंगाचं बघू," बाबा वैतागले.

अर्धवट उघड्या खणातून मी बघत होतो. एकजण वाटी धरून, एकजण चमचा पुढे करून, एकजण माकड होऊन, तिघंही तिच्याभोवती उभे. त्यांचं स्वतःचं जेवण नंतर, ओट्यापाशी, घाईघाईत. 'कुचारा' म्हणताना ती वाटीकडे बघतच नव्हती. तिची नजर मोठ्यांच्या हातांवर होती. मला ते दिसत होतं, पण सांगणार कसं? मी नुसता तळमळत होतो.

मंगळवारी दुपारी ती खुर्चीवरून उतरली. तिने खण ओढला आणि संचातला एक चमचा बाबांच्या मुठीत कोंबला. "कुचारा."

"मला कशाला, ठकूबाई? तू खा ना."

तिने त्यांना खुर्चीकडे ढकललं. दुसरा आईला, तिसरा आत्याला.

"आता ही आपल्याला भरवणार की काय?" आई कुजबुजली.

"गप बस गं, हलू नकोस!" आत्या म्हणाली.

उरलो मी. मला घेऊन ती बसली, सगळ्यांचे हात एकदा पाहिले आणि मला सुपात बुडवलं.

बाबा हळूच म्हणाले, "तिथे सगळ्यांना चमचे मिळाल्याशिवाय कुणी सुरुवात करत नसणार."

"आणि आपण इतके दिवस तिच्यासमोर जेवायलाच बसलो नाही," आई म्हणाली आणि तिने स्वतःसाठी एक वाटी पुढे ओढली.

मित्रांनो, परक्या भाषेतला शब्द कोशात जरूर शोधा. पण तो म्हणणारा कुठे बघतोय, तेही पाहा. आणि मान वाकली म्हणून चमचा टाकून देऊ नका.

सोमवारी वजनकाट्यावर चढतानाही तिने मला सोडलं नाही. आकडा आला तेरा किलो शंभर ग्रॅम. त्यातले चाळीस ग्रॅम माझे.