ताऱ्यांच्या रेघा

मित्रांनो, माझ्यातून आता कुणी पाहत नाही. मी कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स आहे. धातूच्या नळीत बसवलेल्या चार काचा, एवढाच माझा संसार. त्या काचा कुठल्याशा दूरच्या कारखान्यात घासल्या गेल्या, पण माझं आयुष्य गेलं दक्षिण आफ्रिकेत, कारूच्या उघड्या पठारावरच्या ब्लाउकोप गावात.

तिथे सेफास मास्तर पाहुण्यांना आभाळ दाखवायचे. शाळेतली नोकरी सुटून वर्षं झाली तरी गाव त्यांना मास्तरच म्हणे. त्यांची भाची मीटा त्यांच्या घरी राबायची. मामाला ती तिकडच्या रीतीने 'ओम' म्हणायची. दिवसभर पाहुण्यांच्या चादरी, संध्याकाळी मटणाचं कालवण, आणि अंधार पडला की मी.

आभाळ सरकतं, म्हणून कॅमेराही त्याच्याबरोबर सरकावा लागतो. आमच्याकडे त्यासाठी दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक लांब स्क्रू होता. मीटा घड्याळाकडे पाहत तो स्क्रू हाताने फिरवायची, तेव्हा तारे टिपक्यांसारखे गोल उमटायचे. पोटुशी असतानाही तिने तो कडाक्याच्या थंडीत फिरवला. पाहुणे म्हणत, "मास्तर, काय फोटो आहे!" मास्तर हसून मान डोलवत. मीटाचं नाव निघत नसे.

पुढच्या हिवाळ्यात डोंगरावरच्या वेधशाळेला आभाळ समजावून सांगणारी एक बाई हवी होती. अर्जासोबत स्वतः काढलेला एक फोटो मागितला होता. कामाबरोबर राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. मीटा आपल्या दहा महिन्यांच्या लेटीला घेऊन कपडे धुण्याच्या ओल्या खोलीत झोपायची. लेटीची छाती रात्रभर घरघरायची, आणि मीटा तिच्या नाकाशी बोट धरून श्वास मोजायची. तिला त्या खोल्या हव्या होत्या. फोटो पाठवायच्या तारखेआधी चंद्र नसलेल्या तीनच रात्री उरल्या होत्या.

नेमका तेव्हाच नवा माउंट आला. ताऱ्यांबरोबर कॅमेऱ्याला आपोआप वळवणारं, मोटार असलेलं यंत्र. मास्तरांनी ते कुणाला हात लावू न देता स्वतः जोडलं. मीटाने सोबतची पुस्तिका मागितली, तर म्हणाले की चाळीस वर्षं दुसऱ्यांना वाचायला शिकवलंय, मला वाचून दाखवू नकोस. जुन्या फळ्या त्याच संध्याकाळी चुलीत गेल्या.

पहिल्या रात्री प्रत्येक तारा रेघ होऊन उमटला. मास्तर म्हणाले, काचेवर दव धरलंय. मीटाने मोज्यात गरम तांदूळ भरून माझ्या गळ्याभोवती गुंडाळले. मी कोरडी झाले, रेघा तशाच राहिल्या. मग त्यांनी मला वरखाली न्याहाळलं आणि पाठीवर लेटीला बांधलेल्या मीटाकडे वळले.

"पाडलीस ना? हात आहेत की मेंढीचे खूर?"

मीटा म्हणाली, "नाही, ओम. एका सेकंदाच्या फोटोत तारा जवळजवळ गोल येतोय. जास्त वेळ ठेवलं की रेघ लांबते. लेन्स बिघडली असती तर एका सेकंदातही तारा वाकडाच आला असता."

ती अगदी बरोबर बोलत होती, मित्रांनो. मला तोंड असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

"पाठीवर शेंबडं पोर, आणि मला शास्त्र शिकवतेय," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. स्क्रू-ड्रायव्हर निसटला आणि माझ्या पुढच्या काचेवर नखाएवढा ओरखडा पडला. आतली एक काच त्यांनी पुसली आणि उलटी बसवली. मीटा दारात उभी राहून बघत होती. "ओम, ती बाजू..." एवढंच ती म्हणाली. त्यांनी दार लावून घेतलं. त्या रात्री माझ्यातून प्रत्येक तारा शेपटी फुटल्यासारखा दिसला. मास्तरांना आनंदच झाला. म्हणाले, बघ, सांगत होतो ना, लेन्सच खराब!

तिसऱ्या रात्री मीटा एकटीच आली. तिने यंत्र चालू ठेवून एक फोटो घेतला, मग बंद करून तेवढ्याच वेळाचा दुसरा. बंद यंत्रावर रेघ निम्मी झाली. म्हणजे यंत्र ताऱ्यांच्या मागे जात नव्हतं, उलट्या दिशेला पळत होतं. तिने यंत्राखालचं रबराचं झाकण उचललं. आत एक बारीक कळ होती, उत्तर गोलार्धावर लावलेली. तिने ती दक्षिणेकडे सरकवली. रेघा गेल्या. माझ्या शेपट्या मात्र राहिल्या.

मास्तर मागे येऊन उभे होते. त्यांनी तिचं बोट कळीवर पाहिलं.

"आपण दक्षिणेत राहतो, ओम," मीटा हळूच म्हणाली.

"चाललं ना आता? झालं तर मग." त्यांनी रबराचं झाकण परत दाबून बसवलं. "वेधशाळेवाल्यांनी विचारलं तर सांगेन, लेन्स तुझ्या हातून पडली. लेकुरवाळ्या बाईचं होतंच असं. कुणी रागावणार नाही."

माझी काच फिरवून पुन्हा फोटो काढायला रात्र उरली नव्हती, म्हणून तिने तोच शेपट्यांचा फोटो पाठवला. वेधशाळेने मास्तरांकडे चौकशी केली, आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. काम दुसऱ्या बाईला मिळालं. मास्तरांनी नवी लेन्स आणली. त्या लेन्सचे फोटो बैठकीत लागले आहेत.

मी कपडे धुण्याच्या खोलीत खिडकीवर पडून आहे. परवा दोन वर्षांच्या लेटीने मला उचलून डोळ्याला लावलं. मीटाने धावत येऊन तिच्या हातावर फटका मारला. जोराचा.

"ठेव ते! पडलं तर तुझंच नाव घेतील."

मित्रांनो, वस्तू जपा, असं सगळ्याच जुन्या वस्तू तुम्हाला सांगतील. माझी विनंती वेगळी आहे. काही बिघडलं तर आधी स्वतःचं यंत्र बंद करून बघा. आणि दोष सापडेपर्यंत, ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसाच्या माथी तो मारू नका. माझ्यावरचा ओरखडा निदान दिसतो तरी. लेटी आता खिडकीजवळून जाताना दोन्ही हात पाठीमागे धरून जाते.