पहिली कूक

तेंदूच्या पानांचं गाठोडं डोक्यावरून खाली उतरवता उतरवता पुनमने मोहाच्या झाडाखाली पाहिलं आणि पोरांची डोकी मोजली. दोनच भरली. तिने पुन्हा मोजली. आठ वर्षांची चंचल आंबिलीच्या डब्यात बोट फिरवून चाटत होती आणि चार वर्षांचा निकेश अंथरलेल्या लुगड्यावर पालथा झोपला होता. ही दोन तिची स्वतःची. तिसरी नणंदेची पोरगी, मयुरी, आणि ती जागेवर नव्हती.

चंचल म्हणाली, आत्ता तर इथेच होती, टेंभरं वेचत होती. आणि तिने एका दिशेला बोट दाखवलं. थोडा विचार करून मग दुसऱ्या दिशेला दाखवलं.

टेंभरं म्हणजे तेंदूचीच पिवळी फळं. मे महिन्यात ती पिकतात आणि सात वर्षांच्या शहरी पोरीला ती पेढ्यांहून गोड लागतात. पुनमने गाठोडं तसंच टाकलं आणि भोवतालच्या झुडपांत नजर फिरवली. ऊन चढायला लागलं होतं. मागच्याच आठवड्यात पलीकडच्या गावची एक बाई अशीच पानं तोडायला गेली होती आणि संध्याकाळी गावकऱ्यांनी तिला चादरीत गुंडाळून आणलं होतं. त्या पट्टेवाल्याचं नाव रानात कोणी घेत नाही. 'तो' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

तेवढ्यात गाडीवाटेकडून हाक आली. खणखणीत, आनंदाने भरलेली.

"मयुरीऽऽ! ए मयुरी!"

 आवाज ललिताचा होता.

ललिता, तिची नणंद, चांद्याला राहायची. पोरीला महिनाभर माहेरी सोडताना तिने एकच अट घातली होती, पोरीला रानात न्यायचं नाही. पुनमने मान डोलावली होती आणि गेले बारा दिवस ती अट पाळलीही होती. पण तेंदूचा हंगाम असतो जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. पहाटे चारला उठायचं, पानं तोडायची, दहाच्या आत घरी येऊन सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर, पानं मोजून घेतात त्या जागी, नेऊन द्यायची. त्यात स्वयंपाक, पाणी आणि तीन पोरांची भांडणं. रोज पोरांना सांभाळणारी शेजारची ताराबाई काल अहेरीला लग्नाला गेली. नवरा हेमराज फळीवर वाळत घातलेली पुडकी पालटायच्या कामाला, तो पहाटेच गेला होता. सासू तर पुनमच्याही आधी रानात. मग पोरांना ठेवायचं कुठे? एका दिवसाने काय होतं, असं म्हणून पुनमने तिघांनाही बरोबर घेतलं होतं.

आणि नेमकी त्याच दिवशी ललिता, न सांगता, पहिल्या बसने आली होती. घराला कुलूप दिसलं तेव्हा काय ते समजून ती तडक रानाच्या वाटेला लागली होती. या रानातच लहानाची मोठी झालेली ती, तिला वाट विचारायची गरज नव्हती.

"कुठी आहे माही पोरगी?" झाडाखाली दोनच पोरं पाहून तिने विचारलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि अजून हसूही होतं.

पुनमला खोटं बोलता आलं नाही. खरंही धड बोलता आलं नाही. "इथीच आहे," ती म्हणाली. "टेंभरं वेचून राह्यली."

ललिताचं हसू गेलं. तिने एकदा झाडीकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे पाहिलं, आणि मग जी ओरडत सुटली ती थांबलीच नाही.

त्या गावची एक रीत होती. रानात कोणी कोणाला नाव घेऊन हाक मारायची नाही. कूक घालायची, लांब आणि बारीक, आणि समोरच्याने कुकेनेच उत्तर द्यायचं. पानं तोडताना दर थोड्या वेळाने अशी कूक द्यायची, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं आणि चार पायांच्यांनाही माणसं आहेत हे कळतं. पुनमची सासू गुणाबाई या बाबतीत फार कडक. पहिली कूक लहानाने घालायची, मोठ्याने ओ द्यायची, हा तिचा कायदा. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण पुनमने आधी कूक घातल्याशिवाय सासूचा आवाज तिच्या कानावर कधी पडला नव्हता. आणि घातल्यावरही कधीकधी तिच्या मनात असेल तरच पडायचा.

पण दहा वर्षं शहरात राहिलेल्या ललिताला रीत आठवण्याची ती वेळ नव्हती. ती नाव घेऊन ओरडत होती आणि तिचं ऐकून सगळेच ओरडायला लागले. आजूबाजूला पानं तोडणाऱ्या बायका गाठोडी टाकून धावत आल्या. म्हातारा लटारू कुऱ्हाड घेऊन आला. झुडपं बाजूला सारत गुणाबाई आली, तिच्या कमरेला पानांची झोळी तशीच बांधलेली होती. काय झालं हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. चाळीस उन्हाळे रानात काढून जिने तिथे कधी कोणाचं नाव उच्चारलं नव्हतं, तीही फाटक्या आवाजात नातीचं नाव घेऊ लागली. एवढी माणसं एवढ्या जोराने ओरडत होती की झाडावरचे होले उडून गेले. उत्तर मात्र कुठूनच येत नव्हतं.

ललिताने मध्येच थांबून वहिनीचा दंड धरला. तिची बोटं रुतत होती.

"मी सांगतलं होतं ना तुले? एकच गोष्ट सांगतली होती."

  पोरीला काही झालं तर या घरात तिला तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि घराचं जाऊ द्या, स्वतःलाच तोंड दाखवायला नव्हती. बारा दिवस ती पोरगी तिच्या कुशीत झोपली होती.

लटारू कोरड्या नाल्यात उतरला होता. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात एक छोटी गुलाबी चप्पल होती. रेतीत पडली होती, असं तो म्हणाला. रेतीत दुसरं काही दिसलं का, ते त्याला कोणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. ललिताने चप्पल घेतली, छातीशी धरली आणि ती खालीच बसली. बसल्या बसल्या तिने पोरीचं नाव घेतलं, आता ओरडून नाही, रडत.

त्या रडण्याने पुनमला पहाट आठवली.

पहाटे मयुरी एका जागी बसेना. प्रश्नावर प्रश्न, बडबड, फुलपाखरामागे धावणं. अंगाला काटे ओरबाडत पानं तोडायची की हिच्यामागे पळायचं? वैतागून पुनमने तिला समोर बसवलं आणि तिच्या स्वतःच्या लहानपणी एटापल्लीकडच्या माहेरच्या रानात आजीने सांगितलेली गोष्ट सांगितली. त्याने ज्याला मारलं, तो माणूस त्याच्या पाठीवर बसून फिरतो. आपल्या माणसाच्या आवाजात नाव घेऊन बोलावतो. ओ दिली की संपलं.

"मम्मीच्याही आवाजात?" मयुरीने डोळे मोठे करून विचारलं होतं.

"मम्मीच्याच पयले," पुनम म्हणाली होती. "नाव घेऊन कोनी बलावलं तं लपून बसायचं. हूं का चूं करायचं नाई. कूक आली तरच ओ द्यायची. त्याले कूक येत नाई."

पोरगी त्यानंतर खरंच गप्प बसली होती. आपली युक्ती लागू पडली म्हणून पुनमला बरंच वाटलं होतं.

आणि मम्मी तर चांद्याला होती. पोरीच्या हिशेबाने मम्मीचा आवाज या रानात येणं शक्यच नव्हतं. आता इथे जितके जण जितक्या जोराने तिला बोलावतील, तितकी ती आत आत दडत जाणार होती. सगळ्यांना गप्प करायला हवं होतं. पण का, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, तेही ललिताच्या समोर, ती चप्पल तिच्या हातात असताना.

पुनम सासूजवळ गेली. 

"आत्याबाई, नाव घेऊ नोका म्हणा त्याईले."

"काऊन?"

पुनमने खाली पाहिलं. गुणाबाई तिच्याकडे पाहत राहिली.  मग म्हातारीने दोन्ही हात वर केले.

"चूप बसा सारे. एकदम चूप."

गुणाबाईचा शब्द त्या रानात मोडत नसे. सगळे थांबले. ललितानेही मान वर केली. पुनमने नाल्याच्या काठावर उभं राहून तोंडाभोवती हात धरले आणि कूक घातली.

काहीच आलं नाही. फक्त वाळलेल्या पानांवरून वारा गेला.

"कूक काय घालतेस?" ललिता ओरडली. "नाव घे ना तिचं!"

गुणाबाईने लेकीच्या खांद्यावर हात दाबून धरला. पुनमने दुसऱ्यांदा कूक घातली. तिसऱ्यांदा घालताना तिचा आवाज फुटला आणि ती कूक धड झालीच नाही. पण नाल्याच्या पलीकडे, मातीतून उघड्या पडलेल्या करंजीच्या मुळांच्या आतून, पिल्लाचा असावा तसा आवाज आला.

"कू."

पुनम रेतीतून कशी पळाली ते तिला नंतर आठवलं नाही. मुळांच्या ढोलीत मयुरी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एक पाय अनवाणी, झग्यात टेंभरं, तोंड पिवळं झालेलं. तिने मामीच्या गळ्याला मिठी मारली. मागून ललिता धावत आली आणि तिने हात पुढे केले, तेव्हा पोरगी आणखीच घट्ट बिलगली.

"तू खरीच मम्मी का?" तिने मामीच्या खांद्याआडून विचारलं. "तू तं चांद्याले होतीस."

ललिता हात तसेच पुढे धरून उभी राहिली. पोरीने आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या मागे कोणी नाही ना ते पाहिलं, आणि मगच ती आईकडे गेली. आईने तिला चाचपलं, मुके घेतले, एक धपाटा घातला, पुन्हा मुके घेतले.

"माही हाक तुले आली नाई का?"

"आली ना. मी ओ नाई देल्ली." पोरगी अभिमानाने म्हणाली. "तुह्या आवाजात तो बलावते. मले माईत होतं."

"कोनं सांगतलं हे तुले?"

मयुरीने मान वळवली. तिने बोट उचलायच्या आत गुणाबाई मध्ये आली आणि पदराने नातीचं पिवळं तोंड पुसायला लागली. एवढ्या जोराने पुसत होती की पोरीला बोलताच येईना.

"मीनं सांगतलं," गुणाबाई म्हणाली.

"माय, आमाले तं कधी असं सांगतलं नोतं तू."

"तुमी एका जाग्यावर बसत होता. सांगा लागत नोतं."

पुनमने तोंड उघडलं होतं. गुणाबाईने तिच्याकडे न पाहताच सांगितलं की पानं उन्हात सुकून राह्यली, गाठोडं उचल.

मग ललिताने आईला जे सुनावलं ते सगळ्या बायकांनी खाली मान घालून ऐकलं. या वयात अक्कल गहाण ठेवली का, पोरांना असली भेवं घालतात का, माझं लेकरू आज गेलं असतं. पोरगी आता पुन्हा या गावात पाय ठेवणार नाही, असंही ती म्हणाली. गुणाबाईने प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. बोलण्यात एरवी कोणाला हार न जाणारी ती बाई, त्या दिवशी एका शब्दानेही उलटून बोलली नाही.

दुपारच्या बसला ललिता पोरीला घेऊन निघाली. आईने फडक्यात बांधून आणलेली टेंभरं तिने घेतली नाहीत. पुनमचे हात मात्र हातात घेतले.

"वयनी, मी तुले बोलली ते मनात ठेऊ नको. तू होतीस म्हणून सापडली माही पोरगी."

पुनमला तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. बस धूळ उडवत पोंभुर्ण्याच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेतून मयुरी बराच वेळ हात हलवत होती.

घरी आल्यावर सासू-सुना ओसरीवर पुडकी बांधायला बसल्या. चंचल पानं लावून देत होती. निकेश उंबऱ्यावर बसून टेंभरं खात होता, त्याच फडक्यातली. पुनम म्हणाली,

"आत्याबाई, मी आज फोन करीन ताईले. सारं खरं खरं सांगीन."

गुणाबाईने पुडक्याला सालीच्या वाकाची गाठ मारली, ओढून पाहिली आणि ते बाजूला ठेवलं.

"सांगशील तं पुढच्या साली कोनाच्या भरोशावर धाडंल ते पोरीले?"

पुनमने अर्धवट पुडकं सोडून पुन्हा जुळवायला घेतलं.

"माह्यावरचा राग दिवाळीपावेतो उतरंल. मी माय आहो तिची. तुह्यावरचा उतरनार नाई." म्हातारीने पुढची पानं ओढून घेतली. "अना ते गोष्ट तुह्या माहेरची आहे. तिथीच ठेव. इथी आनू नको."

 ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं आणि मागे गेलं.

दुसऱ्या दिवशी ताराबाई लग्नाहून परतली नव्हती, म्हणून हेमराज फळीवर न जाता पोरांजवळ थांबला. सासू-सुना रानात गेल्या आणि रोजच्यासारख्या दोन बाजूंना पांगल्या. पुनम पानं तोडत राहिली. कूक घालायची वेळ होऊन गेली होती, पण काल फुटलेला आवाज काही केल्या गळ्यातून वर येईना. तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

धावड्याच्या झाडांपलीकडून, म्हाताऱ्या फाटक्या आवाजात, कूक आली.

पुनम हातातली पानं तशीच धरून उभी राहिली. कूक पुन्हा आली, या वेळी जरा अधीर. मग तिने डोळे पुसले आणि ओ दिली.