टेबलाची खोली

टेपचं पितळी टोक भिंतीला नीट टेकलेलं होतं, तरीही तिने ते पुन्हा दाबून पाहिलं — भिंत काही मागे सरकणार नव्हती. चार बोटं कमी. मालकांनी सामान हलवल्यावर खोली उलट मोठी दिसत होती, म्हणून तर जास्तच राग येत होता. आणि दुपारी खरेदीखतावर सह्या होत्या.

बँकेने अमुक इतकं कर्ज देऊ असं लिहून दिलं, तेव्हापासून किती घरं पाहिली... प्रत्येक ठिकाणी ती आधी लहान खोलीत शिरायची. नवरा म्हणायचा, "अगं, घर बघतेस की जावई?" पण बाबांची अट एकच होती : कापड कापायचं टेबल मावेल तिथे येईन, नाहीतर माझा मी बरा आहे. आई गेल्यापासून ते आपल्या शिंपीकामाच्या दुकानामागच्या खोलीत एकटे राहत होते, आणि त्या टेबलावर कुणी चहाचा कप ठेवला तरी त्यांचा पारा चढायचा. टेबलापायी तिने दाराशी बाग असलेलं घर सोडलं, हे धरलं. इथलं माप तिने स्वतः घेतलं होतं. म्हणजे... भिंत मोजली, आणि हाताच्या सवयीने वर शिलाईचा दाब, शिवणीत जाणारं जादा कापड, धरून आकडा लिहिला. भिंतीला दाब! बापाच्या हाताखाली शिवण शिकलेली बाई दुसरं काय करणार? शहाणी गं मी, अगदी शहाणी.

बाहेर बाबा जावयाला स्वयंपाकघरातला नळ कसा गळतोय ते दाखवत होते. सांगितलं तर येणार नाहीत. न सांगता सही केली तर... छे, त्यांना फसवायचं? किती आवडतो मला हा हट्टी म्हातारा, आणि किती छळतो!

"बाबा, टेबल बसत नाही," ती दारातूनच म्हणाली. "माप चुकलं. मी दाब धरला."

ते खो खो हसले. "भिंतीला? वेडाबाई!"

"हसू नका. अजून सही व्हायची आहे. तुम्ही म्हणाल तर—"

"मी काय म्हणणार? कापू टेबल. लाकूडच तर आहे."

इतकं सहज. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, तीही हसली... पण ज्या टेबलावर कप चालत नव्हता, त्यावर आता करवत चालणार होती. अट खरी नव्हतीच का? की होती, आणि त्या खोलीत एकट्याने जेवता जेवता कधीतरी विरून गेली? कधी? रविवारी तर ती जातच होती.

"चला, उशीर नको," बाबा म्हणाले आणि जिन्यावर तिचा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. ते येणार नाहीत, या भीतीत तिचे इतके महिने गेले होते. आता ते येणार होते, नक्की येणार होते, आणि हट्ट न करणाऱ्या बाबांशी कसं वागायचं हे तिला मुळीच माहीत नव्हतं.