सहा चाकांचा काटकोन

फिटरच्या डाव्या डोळ्यात डाग पडला होता आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, एक फिटर आणि दुसरा डोळ्यांचा डॉक्टर. उजवा डोळा सात वर्षांपूर्वीच कामातून गेलेला. "महिना, फार तर दीड," डॉक्टर म्हणाला होता. "मधली नजर जाईल, कडेची राहील. घरात हिंडाल-फिराल, पण वाचन, बारीक काम, ते आता विसरा. पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या." फिटर मान डोलवून बाहेर आला, घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "काही नाही गं, चष्म्याचा नंबर वाढलाय." झालं! साठी उलटलेला बाप्या, आणि खोटं बोलला ते शाळा बुडवणाऱ्या पोरासारखं.

का बोलला, तर कपाटातल्या खोक्यापायी. खोक्यात एका वाफेच्या इंजिनाचं किट होतं. पितळी पत्र्यातून कोरलेले भाग, नरम धातूची ओतीव चिमणी, मुंगीच्या डोक्याएवढे नट, पोटात बसवायची चिमुकली मोटर. अशी अकरा इंजिनं त्यानं आजवर जोडली होती. हे बारावं, आणि हे त्याचं सगळ्यात लाडकं. कारण अठराव्या वर्षी तो कारखान्यात उमेदवारीला लागला तेव्हा याच जातीच्या इंजिनाखाली आडवा पडून काम शिकला होता. पुढं ती इंजिनं मोडीत निघाली. शेवटचं कापायला साहेबानं नेमकं यालाच पाठवलं आणि यानं ते मुकाट्यानं कापलं. नोकरी होती, करतो काय? पण तेव्हापासून एक काटा मनात रुतून बसला. ते इंजिन एकदा, बोटभर उंचीचं का होईना, पुन्हा चालताना बघायचं.

मग एकोणीस वर्षं खोकं उघडलं का नाही? "हात पक्का झाला की करीन," म्हणे. हात पक्का होईपर्यंत किट बनवणारी कंपनी बुडाली, सुटे भाग मिळायचे बंद झाले, आणि आता डोळे निघाले. शहाण्या माणसाचा शहाणपणा हा असा.

डॉक्टरकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं खोकं फोडलं. घरात खोल्या दोनच. बाहेरच्या खोलीत खिडकीच्या एका बाजूला त्याचं टेबल, दुसऱ्या बाजूला बायकोचं शिलाई मशीन. आख्खी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. लोकांचे कोट उसवायचे, पडदे आखूड करायचे, पँटी सैल करायच्या, हे तिचं काम. दिवसभर दोघं समोरासमोर बसत, ती पायानं मशीन चालवी आणि हा कानस घाशी. "तुमच्या पितळेचा कीस माझ्या कापडावर आला ना, तर बघा," एवढंच तिचं म्हणणं. फिटर हसायचा. या खेपेला हसला नाही. सकाळी उजेड झाला की बसायचा तो उजेड जाईपर्यंत. जेवायला हाक मारली तर अंगावर जायचा.

"एवढी कसली घाई? गाडी चुकणारे का?" ती म्हणायची.

चुकणारच होती. रोज सकाळी उठला की तो समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. आधी तारीख पुसट झाली, मग आठवडा गेला, मग कॅलेंडरच्या मधोमध कोणी राख फासावी तसं दिसायला लागलं. पण हातांना चाळीस वर्षांची सवय होती. पितळ सांधायला डाख द्यायची इस्त्री कितपत तापली हे त्याला गालाजवळ धरून कळायचं, जोड नीट बसला का ते नखाला कळायचं. अर्धं काम त्यानं डोळ्यांवाचून केलं आणि तीन आठवड्यांत इंजिनाचा सांगाडा, टाकी, चिमणी सगळं उभं केलं. राहिली चाकं.

इथंच तर मेख होती. चाकं सहा, आस तीन. प्रत्येक चाकावर कडेला एक खुंटी, आणि एका बाजूच्या तिन्ही खुंट्या एका दांड्यानं जोडलेल्या. उजवीकडची खुंटी नेमकी वर असेल तेव्हा डावीकडची नेमकी पुढं हवी, म्हणजे दोघींत काटकोन हवा. तोही तिन्ही आसांवर सारखा. एकीचा जरी कोन केसभर चुकला तरी दांडा अडकतो आणि इंजिन जागच्या जागी लंगडतं. त्यातून चाक आसावर दाबून बसवलेलं. पिरगळून कोन सुधारता येतो, पण दर वेळी भोक झिजतं. दोनदा चालतं, तिसऱ्यांदा चाक सैल पडतं, आणि सैल चाकाचं काय लोणचं घालायचं?

हा काटकोन जुळवायला एक चौकट मिळते. चाकं तिच्यात ठेवायची, दाबायची, संपलं. पण फिटरनं जन्मात चौकट वापरली नव्हती. तो चाकाच्या आऱ्यांमधून पलीकडचे आरे बघायचा आणि नुसत्या नजरेनं कोन बसवायचा. हा त्याचा तोरा. कोपऱ्यावरचा घड्याळजीही असली इंजिनं करायचा, चौकटीत घालून. त्याला फिटरनं चारचौघांत इतके टोमणे मारले होते की बिचाऱ्याचं बोलणं खुंटायचं. "चौकट म्हणजे पांगुळगाडा हो! चालता येत नाही त्यांच्यासाठी!"

पहिले दोन आस सवयीनं जमले. तिसरा जमेना. आऱ्यांमधून बघायला गेलं की आरेच नाहीसे व्हायचे. एकदा पिरगळलं, दांडा अडकला. दुसऱ्यांदा पिरगळलं, तरी अडकला. फिटरनं तोरा गुंडाळून ठेवला आणि घड्याळजीला फोन लावला.

"चौकट देतोस का रे जरा? दोन तासांसाठी."

घड्याळजी म्हणाला, "नाही रे माझ्याकडे. टाकली मोडीत, दोन वर्षं झाली. तू बोलायचास ना, मला लाज वाटायला लागली तिची." आणि वर भाबडेपणानं विचारलं, "पण तुला कशाला हवी? तू तर नजरेनं करतोस."

फिटरनं फोन ठेवला. आपल्याच जिभेनं आपला गळा कापला होता, ओरडायचं कोणाच्या नावानं? तो टेबलाशी आला आणि वेड्यासारखा तिसऱ्यांदा चाक पिरगळायला लागला. चाक आसावर गरकन फिरलं. सैल झालं. त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की टेलरबाईचं मशीन थांबलं.

ती उठून आली, इंजिन हातात घेतलं आणि खिडकीकडे धरलं. "अहो, हे मागचं चाक तिरपं बसलंय की. आंधळ्यालाही दिसेल!"

"आंधळ्याला नाही दिसत गं," फिटर म्हणाला आणि टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडायला लागला.

मग सगळंच बाहेर आलं. डॉक्टर, डाग, महिना की दीड महिना. टेलरबाई ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता पेटली. "तीन आठवडे! तीन आठवडे माझ्यासमोर बसून तुम्ही हे गिळलंत? मी काय भिंत आहे? दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो असतो, काही केलं असतं!"

"काही होणार नव्हतं. त्यानं सांगितलं."

"मग दोघं मिळून रडलो असतो! तेवढं तरी केलं असतं!" ती स्वयंपाकघरात गेली. भांडी आदळल्याचे आवाज आले, मग नळ बराच वेळ वाहत राहिला. फिटर बसल्या जागी बसून राहिला. आता सगळंच संपलं होतं. इंजिनही गेलं आणि बायकोही दुखावली, तेलही गेलं नि तूपही गेलं.

ती परत आली ती पदर खोचूनच. खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली. "सांगा. काय कुठं हवंय ते सांगा. अख्खा जन्म लोकांच्या तिरक्या शिवणी सरळ केल्यात मी."

त्यानं सांगितलं. तिनं एका दोऱ्याला नट बांधला, दोरा चाकासमोर लोंबता सोडला, आणि उजवी खुंटी नि आसाचं टोक त्या दोऱ्याच्या रेषेत आणलं. डावीकडे गेली. टेबलापासून आसाची उंची पट्टीनं मोजली, खुंटीची मोजली, दोन्ही एक केल्या. सैल भोकात त्यानं बोटाच्या अंदाजानं धातूचा डिंक भरला. तो पाच मिनिटांत दगड होतो, मग ब्रह्मदेव आला तरी चाक हलत नाही.

"हात कापू देऊ नकोस," तो कुजबुजला.

"तुम्ही श्वास माझ्या मानेवर सोडू नका. गुदगुल्या होतात."

पाच मिनिटं ती चाक धरून बसली. मग दांडा लावला. फिटरनं बोटानं चाकं ढकलली. सहाच्या सहा चाकं अलगद फिरली, कुठं अडली नाहीत. त्याचा स्वतःच्या बोटांवर विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन आल्यावर, टेबलावर गोल रूळ मांडले. मधल्या रात्रीत डाग आणखी पसरला होता, पण हे त्यानं तिला सांगितलं नाही. त्यानं चावी फिरवली. मोटर गुरगुरली, इंजिन निघालं. तो वाकून बघू लागला.

इंजिन नव्हतं. होती ती राख. आवाज यायचा, राखेत शिरायचा, राखेतून निघून जायचा.

"दिसत नाही गं," तो म्हणाला. "चाललंय ना ते? मला दिसत नाही. अगं, मला काहीच दिसत नाही!" त्यानं टेबलावर मूठ आपटली. "एवढं एकच मागितलं होतं मी!"

"थांबा हो, थांबा." टेलरबाई टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर, रुळांच्या जरा बाजूला येऊन उभी राहिली. "डॉक्टर काय म्हणाला? कडेची नजर राहील. मग तिकडे सरळ बघूच नका. इकडे बघा, माझ्याकडे."

त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं. आणि राख रुळांवरून सरकली. नजरेच्या काठाशी, पुसट, पण सबंध, ते निघालं. चिमणी, टाकी, वरखाली होणारा दांडा. वळणावर किंचित कललं, पुन्हा सरळ झालं. तेच ते, ज्याच्या पोटाखाली तो आडवा पडला होता, जे त्यानं स्वतः कापलं होतं.

"दिसतंय!" तो ओरडला. "दिसतंय गं! दांडा बघ कसा चाललाय! तिन्ही खुंट्या एका सुरात! अगं, तू जमवलंस!"

तीन फेऱ्या झाल्या, चार झाल्या. तो तोंड तिच्याकडे करून इंजिन बघत होता आणि लहान मुलासारखा हसत होता.

"आणि मी?" टेलरबाईनं विचारलं. "मी दिसते का हो?"

त्याच्या समोर तिचे खांदे होते, ब्लाऊजवर टोचलेल्या टाचण्या होत्या, कानाच्या मागची पांढरी बट होती. मधोमध राख होती. नाक कुठं, डोळे कुठं, काही नव्हतं. त्यानं मान इकडे वळवून पाहिली, तिकडे वळवून पाहिली. काठाशी ती यायची, पण ती म्हणजे कोणीही बाई असती. शेवटचा तो चेहरा आपण नीट कधी पाहिला, हे आठवायला गेला, तर आठवेना. काल? परवा? मागच्या आठवड्यात तरी?

"दिसतेस की," तो घाईनं म्हणाला. "चांगली हसतेयस."

तिनं त्याचा हात धरला आणि आपल्या गालावर ठेवला. गाल ओलाचिंब होता, हनुवटी थरथरत होती. केव्हापासून रडत होती कोण जाणे.

इंजिन आपलं फिरतच होतं. फिटरनं दुसराही हात उचलला आणि तिच्या कपाळावरून, भुवयांवरून, मिटलेल्या पापण्यांवरून बोटं फिरवत राहिला.

"इतके दिवस मी चाकंच बघत बसलो गं," तो म्हणाला.