बब्रुवानची बैलं आन् ईरण्णाचं शेततळं

तामलवाडीच्या शिवारात शिव्या देण्यात बब्रुवानचा हात धरील आसा माणूस जन्मला न्हवता. सकाळी त्याची पहिली शिवी टेकडापल्याड आयकू आली की बाया म्हणायच्या, सात वाजले, पोरांची डबी भरा. चांद्या आन् गब्रू ही त्याची खिलारी जोडी त्या शिव्यांवरच वाढली. चांद्याच्या आईचा उद्धार केला की जोडी डावीकडं वळायची, गब्रूच्या आज्याचा केला की उजवीकडं. थांबायलाबी शिवीच लागायची, पर ती जरा मायेची. चाबूक बब्रुवाननं कवा हातात धरला न्हाय. गरजच काय व्हती?

ह्याच तोंडानं त्याचा घात केला. चार वर्सांखाली पुतणीच्या हळदीत, पिऊन तर्र आसताना, भरल्या मांडवात त्यानं बायकुला तिच्या बापावरनं शिवी दिली. कोणती ते सांगत न्हाय. बाप मरून दीड महिना झाल्ता बिचारीचा. कस्तुराबाईनं हातातलं ताट खाली ठिवलं, आन् हळदीचं बोट पुसून सोनारीला भावाकडं निगून गेली. भांडली न्हाय की रडली न्हाय. बब्रुवानला वाटलं, चार दिसांत यील. चार दिसांचे चार म्हैने झाले, आन् मंग त्यो मोजायचंच इसरला, कारण पिण्यातनं सवड कुठली.

फुडं कावीळ झाली. धाराशिवच्या दवाखान्यात पडला तवा शेजारच्या खाटंवरच्या म्हाताऱ्याला भेटायला एक जाडजूड माणूस रोज यायचा. नाव शिवपुत्र, काम चर्चातल्या पाळकाचं. म्हाताऱ्यासाठी आणलेल्या मुगाच्या खिचडीतली निम्मी त्यो बब्रुवानला द्यायचा आन् दोघांच्या उशाशी हुबा ऱ्हाऊन प्रार्थना करायचा. बब्रुवाननं पहिल्या दिशी खिचडी खाल्ली आन् प्रार्थनंला शिवी घातली. दुसऱ्या दिशीबी तसंच. पाळक तिसऱ्या दिशी खिचडी घिऊन आलाच. आठव्या दिशी बब्रुवान लेकरावानी रडला, आन् म्हणला, तुमचा येशू माझ्यासारख्याला जवळ करतो का ते इचारून सांगा. पाळक म्हणला, तूच इचार की, त्यो काय मला एकट्यालाच वळखतो व्हय.

दारू सुटली. लोकं म्हणतात दारू सुटणं लई अवघड, पर बब्रुवानला इचारा. दारू एका बाजूनं आत जाती, ती थांबवता येती. शिवी बाहीर येती. ती कुठनं निघती तेच सापडत न्हाय. त्यो लिंबाची काडी दातात धरून हिंडायचा. शिवी आली की काडी चावायची. पहिल्या म्हैन्यात त्यानं बांधावरचं आर्धं झाड खाल्लं. वर्सभरानं तोंड साफ झालं, पर बैलं हालंनात.

आता बैलांचा काय गुन्हा? त्यांना जी भाषा शिकवली ती बंद झाली. बब्रुवान म्हणायचा, "चला माझ्या राजांनो", आन् चांद्या मागं वळून बगायचा, ह्यो कोण परका माणूस म्हणून. गब्रू तर खुशाल बसायचा. शेवटी बब्रुवान सोता कासरा धरून फुडं चालायला लागला, तवा ती मागनं यायची. दोन वर्सं त्यानं आसंच रान नांगरलं. बैलाच्या फुडं चालून, उलट्या तोंडानं, ठेचा खात.

गावाला आयतीच करमणूक झाली. त्यात सगळ्यात फुडं हणमंतप्पा, त्याचा पिण्यातला जुना जोडीदार. रोज दिवस कलला की त्यो बांधावर येऊन बसायचा, बाटली शेजारी ठिवायचा आन् मायेनं बोलायचा. त्याचं म्हणणं एकच. तू देव बदलला, म्हणून बैलानं साथ सोडली. जनावराला कळतं बबऱ्या, माणसाला उशिरा कळतं. एक घोट घे, एक शिवी दे, बग कशी पळत्यात. गावात तर कुणी म्हणलं बब्रुवानवर करणी झाली, कुणी म्हणलं पाळकानं गोळी दिली. भावकीनं लग्नकार्यात बोलावणं सोडलं.

ह्ये सगळं बब्रुवाननं सोसलं. पर बैलं हालंनात ह्ये त्याला आतनं पोखरायचं. एकदा त्यो पाळकाला म्हणला, सैतान माझ्या गब्रूच्या वशिंडात बसलाय, प्रार्थना करून काढा. पाळकानं वशिंडावरनं हात फिरवला आन् म्हणला, "सैतान बैलात न्हाय बसत, बब्रुवान. बैल तू शिकवलं तेवढंच करतो. तू सुधरायला दोन वर्सं घेतली, त्यांना चार लागतील. धीर धर."

धीर धरायला बब्रुवानची हरकत न्हवती, पर कस्तुराबाई तिकडं सोनारीत व्हती. त्यानं दहादा फोन करून हवापाण्याचं इचारलं, तिनं दहादा मधीच ठिवला. अकराव्यांदा त्यानं सांगितलं की पुढल्या रविवारी माझा बाप्तिस्मा हाय. पाण्यात बुडवून काढत्यात, जुना माणूस पाण्यात ऱ्हातो आन् नवा वर येतो. ह्या खेपंला तिनं फोन ठिवला न्हाय. मंग म्हणली, "नवा येतो का ते बगायला येते. पर तुमच्या तोंडातनं एक शिवी माझ्या कानावर आली, तर त्याच पावली माघारी. परत फोन करायचा न्हाय."

बब्रुवाननं फोन ठिवला आन् दोन काड्या एकदम चावल्या.

आता पाणी कुठलं? नदी आटलेली. हिरीवाल्यांनी एकामागं एक नकार दिला. तुझा देव तुला लखलाभ, आमची हीर आमाला. कुणी वाईट बोललं न्हाय, पर कुणी दारबी उघडलं न्हाय. शेवटी ईरण्णा पाटील कामाला आला. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, म्हातारा कन्नडमिश्रित बोलायचा. त्याच्या रानात नवंकोरं शेततळं व्हतं, काळा प्लास्टिकचा कागद आंथरलेलं. त्यो म्हणला, बुडवा की, माझं पाणी काय झिजतंय. फकस्त साबण लावायचा न्हाय, ठिबकच्या नळ्या चोंदत्यात.

रविवारी वरात निघाली. बैलगाडीत प्रार्थनेच्या सात बाया आन् दोन म्हातारे, टाळ्या वाजवत गाणी म्हणायलेले. पाळक गाडीच्या मागल्या बाजूला, त्याच्या वजनानं धुरा वर उचललेली. आन् फुडं पांढऱ्याफेक कपड्यात बब्रुवान, कासरा धरून, उलट्या पावली नाचत. त्याचा पाय जिमिनीवर ठरत न्हवता. फाट्यावर एसटी थांबली आन् कस्तुराबाई उतरली. हिरवं लुगडं, हातात पिशवी. ती गाडीत बसली न्हाय. दहा पावलं अंतर ठिवून, कान टवकारून, बाजूनं चालू लागली. बब्रुवान तिच्याकडं बगता बगता दगडावर आपटला. टाच फुटली. गाडीतली गाणी थांबली. त्यानं डोळे मिटले, गाल फुगवले, आन् "प्रभूची स्तुती आसो" म्हणला. कस्तुराबाईनं चालता चालता मान जराशी वाकडी केली, तेवढंच.

तळ्यापाशी हणमंतप्पा चार रिकामटेकडे घिऊन कुंपणाला टेकून उभाच व्हता.

पाळकानं आजवर सगळे बाप्तिस्मे नदीत दिल्ते. नदीत माणूस चालत जातो आन् चालत येतो. शेततळ्याचं तसं नसतं. तिरका काळा कागद, त्यावर बोटभर शेवाळ. आत जायला काय लागत न्हाय, पर बाहीर यायला गाठी मारलेला दोर लागतो. ईरण्णानं त्यो दोर गेल्या हप्त्यातच काढून घरी नेल्ता, गावची पोरं पोहायला यायलीत म्हणून. त्याला वाटलं, बुडवणारा माणूस दोर संगं आणंल. पाळकाला वाटलं, तळंवाला ठिवंल. बब्रुवानला सगळं म्हाईत व्हतं, पर त्याचं ध्यान हिरव्या लुगड्याकडं.

दोघं हातात हात घालून उतरले म्हणता येत न्हाय. घसरले. सूं करून. पाणी बब्रुवानच्या छातीला, पाळकाच्या हनुवटीला. पर पाळक पक्का माणूस. त्यानं तशाच पाण्यात वचन म्हणलं, बब्रुवानला इचारलं, बब्रुवान व्हय म्हणला, आन् पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं त्याला पाण्याखाली दाबलं. बब्रुवान वर आला तवा हासत व्हता. उगाच. कुणी गुदगुल्या केल्यावानी. बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मंग दोघं बाहीर यायला निघाले. एक पाऊल वर, दोन पावलं खाली. पाळकानं हातानं, ढोपरानं, पोटानं करून बगितलं. एका बाईनं पदर सोडला, त्यो टरकन फाटला. दोन म्हाताऱ्यांनी हात दिला तर तेच आत जायला लागले. ह्ये बगून हणमंतप्पाला हासू आवरंना. त्यो कुंपण वलांडून पार कडंला आला, वाकून नीट बगायला, आन् पायाखालचा कागद सटकला. त्यो पाळकाच्या पोटावर येऊनच थांबला.

"मला न्हाय घ्यायचा बाप्तिस्मा, मला सोडा," त्यो बोंबलला. पाळकानं त्याला सोडलं असतं, पर सोडलं की त्यो बुडायचा.

गाडीचा जाड दोर, नाडा, निघाला. एक टोक बैलाच्या जुवाला बांधलं, दुसरं पाण्यात फेकलं. तिघांनी धरलं. आता बैलं चार पावलं चालली की झालं. म्हाताऱ्यांनी हाकलं, बायांनी पाठीवर थापट्या मारल्या, हणमंतप्पाच्या सोबत्यांनी नव्या नव्या शिव्या दिल्या. पर परक्याच्या तोंडची शिवी त्या बैलांना शिवीच वाटंना. गब्रू खाली बसला.

पाणी गार. पाळकाचे दात वाजायलेले. हणमंतप्पा नाडा धरून बब्रुवानच्या कानाशी लागला. दोन वर्सं बांधावर बसून बोलला नसंल इतकं मनापासून बोलला. एकच दे रे बबऱ्या. साधी दे. गब्रूच्या आज्याची दे. तुझ्या देवाच्या पाया पडतो, पर दे. पाळकाकडं बगितलं तर पाळक आभाळाकडं बगायलेला. व्हयबी म्हणंना आन् न्हायबी म्हणंना.

बब्रुवाननं तोंड उघडलं. शिवी जिभंच्या टोकावर आल्ती, दोन वर्सांची ताजीतवानी, खाऊनपिऊन धष्टपुष्ट झालेली. वर काठावर कस्तुराबाई हुबी. पिशवी छातीशी धरलेली, नजर ह्याच्या तोंडावर. त्यानं तोंड मिटलं. मंग त्यो म्हणला, "हणमंता, दोन वर्सं म्या ह्यांच्या फुडं चाललोय. आज मागं सरकणार न्हाय. गारठून मेलो तरी चालंल."

हणमंतप्पा म्हणला, तुझं ठीक हाय, मला कशाला मारतो.

तवर काठावर काय झालं ते बब्रुवानला दिसलं, पर त्याचा इश्वास बसला न्हाय. कस्तुराबाईनं पिशवी खाली ठिवली. पदर कमरंला खोचला. बैलांच्या तोंडाफुडं जाऊन हुबी ऱ्हायली, आन् तिनं सुरवात केली. आरं बाबा, काय सांगू! चांद्याच्या आईपून जी सुटली ती गब्रूच्या आज्यापतूर, मधी एक पाव्हणा सोडला न्हाय. बावीस वर्सं चुलीपाशी बसून आयकलेलं सगळं, त्याच चालीत, त्याच ठेक्यात. एका म्हातारीनं "हालेलुया" म्हणता म्हणता कानावर हात ठिवले. गब्रूचे कान ताठ झाले. चांद्यानं शेपूट उचललं. दोन वर्सांनी आपलं माणूस भेटल्यावानी जोडी उसळली, आन् तिघं माणसं पाण्यातनं ज्वारीची पोती ओढावी तशी सळसळत वर आली, कुंपणाच्याबी पल्याड गेली. थांबायची मायेची शिवी तिला जरा उशिरा आठवली.

बब्रुवान बाभळीच्या काट्यात उताणा पडला व्हता, पर त्याच्या डोस्क्यात येगळंच चाल्लं व्हतं. त्यानं सगळ्या शिव्या मनात मोजल्या व्हत्या. तिनं एकबी गाळली न्हवती. एक सोडून.

त्यो उठला. अंगावर शेवाळ, गुडघा फुटलेला. हणमंतप्पाच्या देखत, सगळ्यांच्या देखत, तिच्याफुडं हुबा ऱ्हायला.

"कस्तुरे, हळदीत तुझ्या बापावरनं म्या जे बोललो, ते दारू न्हाय बोलली. म्या बोललो. मांडवात बोललो, म्हणून चारचौघांत माफी मागतो. त्यो माणूस देवावानी व्हता."

कस्तुराबाई जवळ आली. पदराचं टोक काढून तिनं त्याच्या कपाळावरचं शेवाळ पुसलं, जरा जोरातच पुसलं. "चार वर्सं लागली तुमाला ह्ये बोलायला," ती म्हणली. "फोनवर दहादा हवापाण्याचं इचारलंत."

तेवढ्यात पाळक शिंकला. बायांनी गाणं सुरू केलं. हणमंतप्पा थरथरत गाडीतल्या घोंगडीत शिरला आन् त्याला एका म्हातारीनं चहा दिला, त्यो गपगुमान प्याला. कस्तुराबाईनं पाळकाला जाऊन इचारलं की माझ्या शिव्यांचं पाप कुणाच्या नावावर. पाळक डोस्कं खाजवून म्हणला, ह्याला शास्त्रात दाखला सापडंना, आमी प्रार्थना करू.

मंग ती गाडीच्या जुवाशी बसली, कासरा हातात घेतला आन् भावाला फोन लावला. माझी शेळी संबाळ म्हणली, मला जरा येळ लागंल, हितल्या बैलांना नीट भाषा शिकवायची हाय. भाऊ म्हणला, आक्का, किती दिस?

तिनं चांद्याचे दात बगितले, गब्रूचे दात बगितले.

"बैलं अजून तरणी हायत," ती म्हणली.