ठोंब्याची शिकवणी

हॉटेलात यंत्रमानव आला तेव्हा आम्ही त्याला ठोंब्या म्हणायला लागलो. जेवणाच्या दालनात मी पंधरा वर्षं ताटं वाढली, म्हणून त्याला रीतभात शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. वाट अडवू नको बाळा, दोघांच्या बोलण्यात पडू नको, रडणाऱ्याकडे टक लावून बघू नको. लेकराला बोट धरून चालवावं तसं चालवलं मी त्याला.

मनात मात्र निखारा होता. इथल्याच मॅनेजरने चोरीच्या संशयाने माझ्या ताईची पिशवी भर दालनात टेबलावर उपडी केली होती. निघालं काय? कंगवा, गुडघ्याचा पट्टा, गोळ्यांची डबी. माफी कुणी मागितली नाही. तेव्हापासून ताई घराबाहेर पडत नाही. मला एकच हवं होतं: त्याचंही सगळं असंच चारचौघांत उघडं पडावं.

एके दिवशी मॅनेजरच म्हणाला, "बाई, ठोंब्याला दारावर उभा करा. पाहुण्यांना वाकून निरोप, छातीवर हॉटेलचा बिल्ला असेल त्याची झडती."

"सगळ्या बिल्लेवाल्यांची, साहेब?"

"सगळ्यांची! भीडभाड नको. लिहूनच देतो."

दिलं, सही ठोकून. छातीवरचा स्वतःचा बिल्ला त्याला कधी बिल्ला वाटलाच नव्हता. दागिना वाटत आला होता.

मी ठोंब्याकडून ते घोटवून घेतलं. बिल्ला लावून दारात जायची, डोळे वटारायची, ओरडायची. तो हलायचा नाही. फक्त मी "पुरे" म्हटलं, तरच मागे सरायचा.

मालक आले त्या दुपारी दालन भरलेलं. त्यांच्यासोबत मॅनेजर बाहेर निघाला, बॅग खांद्याला. ठोंब्या आडवा आला.

"साहेब, बॅग उघडता का?" आवाज मऊ, मी शिकवला तसा.

"हो बाजूला, पत्र्या!"

"सगळ्यांचीच बघतो, साहेब. राग मानू नका."

मालक हसले. "दाखवा की हो, नियम तुमचाच ना?"

काटे-चमचे थांबले. ठोंब्याने एकेक वस्तू अलगद टेबलावर मांडली: केस काळे करायची बाटली, अर्धा खाल्लेला पाव, नोकरीसाठी दुसऱ्या हॉटेलला लिहिलेला अर्ज. मालकांनी तो उचलून वाचायला घेतला.

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. "अहो, सांगा ना त्याला. एक शब्द."

शब्द जिभेवर साखरेच्या खड्यासारखा आला होता. मी तो चघळत उभी राहिले. बॅगेला अजून चार खिसे होते.