पोट्टे पळून राह्यले

सकाळी अकराच्या सुमारास प्रणाली पोलिसांच्या गाडीत जाऊन बसली. सोबत चोरांची अख्खी टोळी होती आणि त्यातल्या एकाची चड्डी ओली होती.

तर असं काही झालंच नाही. शाळेचं तसं म्हणणं आहे आणि आपल्याला शाळेशी भांडायचं नाही. आपण बेडूकउड्यांपासून सुरू करू.

नागपुरात, जरीपटक्यातल्या एका बालवाडीत प्रणाली 'खेळ व हालचाल' हा विषय शिकवायची. तीन-चार वर्षांच्या लेकरांना हालचाल शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण तास होता, गळ्यात शिट्टी होती. नव्हती ती खुर्ची. खुर्ची फक्त कायम झालेल्या बाईंना. बाकीच्यांनी उभं राहायचं, आणि खेळाच्या बाईंनी तर उड्या मारायच्या. प्रणाली कायम होणार की नाही, हे लतिका मॅडम ठरवणार होत्या. त्या पुण्याहून नुकत्याच आलेल्या, शाळेच्या रामदासपेठेतल्या ऑफिसात बसणाऱ्या. त्यांच्याबद्दल प्रणालीला बाकी काही माहीत नव्हतं, पण त्या बसतात हे तिच्या मनात घर करून होतं.

त्या दिवशी बेडूक झाले, ससे झाले. मग प्रणालीने आपली ओढणी मैदानात आडवी पसरली. ही नदी, हिच्यावरून उडी मारायची. नागसेनने नदीच्या मधोमध बसकण मारली.

"नागसेन, उडी मार ना बेटा."

"काहून?"

"नदी आहे ना."

"मी पोहून राह्यलो."

त्याचं पाहून सगळेच नदीत उतरले आणि काही वेळाने नदीच फाटली. थकून प्रणालीने ठेवणीतला खेळ काढला. "चला, पळा!" पोट्टे गोल गोल पळू लागले. ती मागे.

तेवढ्यात लतिका मॅडमचा फोनवर निरोप आला: सध्या कोणता उपक्रम चालू आहे, त्वरित कळवा, आज मला तुमच्याबद्दलचा अहवाल पाठवायचा आहे. प्रणालीच्या एका हातात काजलचा बूट होता आणि दुसऱ्या हातात काजल. फोन शाळेच्या सेविका सिंधूताईंजवळ होता.

"सिंधूताई, त्यायले सांगून द्या ना, काय चालू आहे ते!"

सिंधूताईंनी आवाजी निरोप पाठवायला फोन तोंडापाशी धरला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या, "मॅडम, पोट्टे पळून राह्यले! प्रणाली मॅडमबी पळून राह्यली! गेट उघडंच आहे!"

आता नागपुरात पळून राह्यले म्हणजे या घडीला पळत आहेत. पुण्याच्या कानाला मात्र पळून राहणं म्हणजे घरच्यांचा विरोध मोडून परगावी संसार थाटणं. लतिका मॅडमनी आधी पोलिसांना फोन केला, मग टॅक्सीला.

पोलीस आधी पोहोचले. हवालदार रुपराव गाडी फाटकाबाहेर लावून आत आले.

"पोट्टे पळून राह्यले, अशी कंप्लेंट आहे."

"हो, पळून राह्यले ना," सिंधूताई म्हणाल्या. "पाहा."

रुपरावांनी पाहिलं. पोट्टे पळत होते. कंप्लेंट शंभर टक्के खरी होती.

"मंग याच्यात गुन्हा काय आहे वं बाई?"

"मले काय विचारता? मी त झाडू मारून राह्यली."

एवढ्यात नागसेनने खाकी कपडे पाहिले. "पोलीस! चोर-पोलीस! पळाऽऽ!" सगळे चोर उघड्या फाटकातून सुटले. त्यामागे शिट्टी वाजवत प्रणाली. बाहेर गाडीचं मागचं दार उघडं होतं. पोट्टे एकामागून एक आत चढले आणि शहाण्यासारखे बसले.

"माह्या अख्ख्या नोकरीत," रुपराव ड्रायव्हरला म्हणाले, "चोर आपल्या मनानं आत बसलेले पहिल्यांदा पाहून राह्यलो गा."

त्यांना उतरवायला प्रणाली आत चढली. आत सीट होती. रेक्झिन फाटलेलं, स्पंज बाहेर आलेला, पण सीट. ती जराशी टेकली. मग पूर्ण बसली.

"मॅडम, उतरा."

"पाच मिनिटं, भाऊ."

"आरोपी असं नाही म्हणत."

ती नाही उतरली.

लतिका मॅडम धावत आल्या तेव्हा मैदानात फक्त फाटकी ओढणी आणि सिंधूताई होत्या.

"मुलं कुठे आहेत?"

"आता पळून गेले," सिंधूताईंनी नीट समजावून सांगितलं. "मघा पळून राह्यले होते."

शेवटी गाडीच्या जाळीआड सगळे सापडले. नागसेन शिट्टी वाजवत होता आणि प्रणाली काजलला मांडीवर घेऊन, गाडीच्या पत्र्याला डोकं टेकून गाढ झोपली होती. तिला इतकं निवांत कोणी कधी पाहिलं नव्हतं.

लतिका मॅडमचा अहवाल संध्याकाळी आला. 'मुलांची हालचाल अपेक्षेपेक्षा अधिक. शिक्षिका तासाच्या वेळी बसलेल्या आढळल्या. सबब कायम करण्याचा विचार पुढील वर्षी. अन्य काही घडले नाही.'

प्रणालीने तो उभ्याने वाचला. मग भिंतीला कागद लावून उभ्यानेच लिहायला घेतलं:

'प्रति, मा. ठाणेदार साहेब. विषय: गाडी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, खेळाच्या तासाला आपली गाडी शाळेच्या फाटकापाशी उभी करण्यात यावी. चोर शाळेतर्फे पुरवण्यात येतील. गाडी देणे शक्य नसल्यास मागची सीट काढून देण्यात यावी. तेही शक्य नसल्यास अर्जदारास, बसवून ठेवण्याच्या अटीवर, अटक करण्यात यावी, ही नम्र विनंती.'